गाडी उचलायची तर आधी टायर मोजा

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मिरग तोंडावर आला की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या गॅरेजांत एक मागणी हमखास वाढते : ‘गाडी दोन इंच उचला आणि मोठे टायर घाला.’ थार, जिम्नी, जिप्सी, जुनी मेजर, शेतावर राबणारी बोलेरो कॅम्पर, सगळ्या त्या रांगेत असतात. मागणी गैर नाही. कणकुंबी-जांबोटीच्या पावसात किंवा अथणी-रायबागच्या काळ्या रानात कंपनीतून आली तशी गाडी अडतेच. चुकतो तो कामाचा क्रम. आधी उंची वाढवायचे किट ठरते, मग किटच्या उंचीला शोभेल असा टायर येतो, आणि स्टीअरिंग भरकटायला लागल्यावर अलाइनमेंटची आठवण होते. क्रम उलटा हवा. आधी माती बघायची, मग टायर ठरवायचा, आणि तो टायर कुठे न घासता फिरेल तेवढीच गाडी उचलायची. आमच्या मते या भागातल्या बहुतेक गाड्यांना २५ ते ४० मिलिमीटर पुरतात. त्यापुढे जे चढते ते बघणाऱ्यांसाठी असते.

गाडी दगडावर किंवा चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर अडते ती बहुधा मागच्या ॲक्सलच्या गोळ्यावर, म्हणजे डिफ्रेन्शियलच्या हौसिंगवर. किटने उचलली जाते ती चेसिस आणि बॉडी. सॉलिड ॲक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड दांडा, चाकांच्या मध्यावरच राहतो. दोन इंचांचे किट घाला नाहीतर चार इंचांचे, गोळा जमिनीपासून होता तेवढाच. तो वर न्यायचा तर टायरचा व्यास वाढवायला हवा, आणि त्यातही व्यास जेवढा वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. थारचे पुढचे डिफ्रेन्शियल चेसिसला धरलेले असल्याने ते किटबरोबर वर जाते, मागचा गोळा मात्र जागचा हलत नाही. किटचा खरा उपयोग दुसरा आहे. गाडीचे पोट आणि पायऱ्या दगडाला लागत नाहीत, चढाच्या तोंडाशी बंपर टेकत नाही आणि मडगार्डात टायरला जागा होते.

टायरचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. २०२० पासूनच्या थारला कंपनी २४५/७५ आर १६ आणि २५५/६५ आर १८ अशी दोन मापे देत आली आहे. पहिल्याची रुंदी २४५ मिमी. तिचे ७५ टक्के म्हणजे १८३.७५ मिमी ही एका बाजूच्या भिंतीची उंची, दोन्ही बाजूंची मिळून ३६७.५. रिम १६ इंच म्हणजे ४०६.४ मिमी. बेरीज साधारण ७७४. अठराच्या रिमवरचा टायर याच रीतीने ७८९ भरतो. आता लोकांना आवडणारा २६५/७५ आर १६ घ्या : ८०४. मूळ ७७४ पेक्षा व्यास ३० मिमी वाढला, गोळा १५ मिमी वर गेला. २८५/७५ आर १६ घातला तर व्यास ८३४ होतो आणि गोळा ३० मिमी वर जातो. पण तेवढ्यासाठी मडगार्डाच्या आतले प्लास्टिक, बंपरचा कोपरा आणि कधी कधी बॉडीची शिवणसुद्धा कापावी लागते.

व्यास वाढला की स्पीडोमीटर कमी दाखवतो. ७७४ वरून ८०४ म्हणजे ३.९ टक्के. काटा ८० वर असताना गाडी ८३ च्या पुढे असते, आणि ओडोमीटरवर १०,००० दिसतात तेव्हा प्रत्यक्षात सुमारे १०,४०० झालेले असतात, म्हणजे ऑइल बदलायची वेळही मागे पडते. थारला हे झेपते. जिप्सी किंगच्या मूळ २०५/७० आर १५ च्या जागी २३५/७५ आर १५ घातला तर व्यास ६६८ वरून ७३३ वर जातो, जवळपास दहा टक्के. १३०० सीसीच्या पेट्रोल इंजिनला तो फरक चोरला घाटाच्या चढावर लगेच कळतो. तिसऱ्यावर निघणारा चढ दुसऱ्यावर काढावा लागतो आणि सोबत क्लचही जळत राहतो. ब्रेकचेही तसेच. टायर मोठा झाला म्हणून डिस्क मोठी होत नाही, त्यामुळे त्याच पेडलला थांबायला अंतर जास्त लागते. शिवाय मोठा टायर जड असतो. घेण्याआधी जुना आणि नवा टायर वजनकाट्यावर ठेवून बघा. स्टेपनी मागच्या दाराला टांगलेली असेल तर वर्षभरात बिजागऱ्या खाली बसतात, दार उचलून लावावे लागते.

आता माती. आपल्या जिल्ह्याला एकच टायर चालत नाही. खानापूर तालुक्यात तांबडी माती, वर चार बोटे चिखल आणि खाली मुरूम किंवा जांभा. तिथे चिखल कापून खालच्या कठीण थराला दात लावणारा उंच, पण बेताच्या रुंदीचा टायर चालतो. रुंद टायर त्याच चिखलावर तरंगतो आणि वळणावर घसरतो. जांभ्याच्या धारेने टायर फाटतो तो बहुतेक वेळा भिंतीला, म्हणून तिथे नक्षीपेक्षा बाजूच्या भिंतीला किती थर आहेत ते आधी वाचा. कृष्णा आणि घटप्रभेच्या अंगाला काळ्या रानाला तळच नसतो. तिथे रुंद टायर आणि कमी हवा उपयोगी पडते. काळ्या मातीचा खरा त्रास मात्र आणखी वेगळा आहे. ती चाकाला गुंडाळत जाते आणि मडगार्डात लादीसारखी घट्ट बसते. पावसाळ्यात रानात सायकल नेणारा सायकलीचे मडगार्ड काढून का ठेवतो, ते ज्याला ठाऊक आहे त्याला टायर आणि मडगार्ड यांच्यात चार-पाच सेंटिमीटर फट का हवी ते समजावे लागत नाही. गाडी उचलायला आमच्या लेखी सर्वांत सबळ कारण हेच.

मड-टेरेन (खास चिखलाचा) टायर की ऑल-टेरेन (सगळ्या रस्त्यांचा), हा वाद दर पावसाळ्यात रंगतो. मड-टेरेनच्या गोट्यांमधली रुंद फट चाक फिरताना चिखल फेकून देते, हे खरे. पण ओल्या डांबरावर मोजक्या, मोठ्या गोट्यांची पकड कमी पडते आणि घाटातले ओले वळण त्यासाठी फार महाग जागा आहे. आठवड्यातले सहा दिवस बेळगाव-निपाणी हायवेवर पळणाऱ्या गाडीला ऑल-टेरेनच घाला. टायरच्या भिंतीवरचा लोड इंडेक्स, म्हणजे टायर किती वजन पेलतो तो आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. बनावटीचा आठवडा आणि वर्ष चार आकड्यांत छापलेले असते; ‘२३२४’ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. स्वस्तात मिळणारा टायर पुष्कळदा गोदामात चार पावसाळे काढलेला असतो. घ्यायचे तर पाच घ्या. पुढे नवे आणि मागे झिजलेले, किंवा दोन वेगळ्या मापांचे टायर घालून फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा गिअर) लावला की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांशी झगडतात आणि पुढे-मागे ताकद वाटणारी पेटी, ट्रान्सफर केस, त्याची किंमत मोजते.

उंचीकडे येऊ. थारला पुढे डबल विशबोन आहे, म्हणजे प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर धरलेले असते. त्यात शॉकच्या डोक्यावर बसवलेला स्पेसर चाकापाशी स्वतःच्या जाडीपेक्षा जास्त उंची देतो, कारण शॉक खालच्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेला असतो आणि चाक आर्मच्या टोकाला. २० मिमीचा स्पेसर चाकाशी ३० ते ४० मिमी उचलतो. म्हणजे ४० मिमी उंची हवी म्हणून जो ४० चाच स्पेसर लेथवर वळवून आणतो, त्याची गाडी पुढून साठ-सत्तरने चढते. मग वरचा आर्म त्याच्या शेवटच्या टोकाला टेकून बसतो, प्रत्येक खड्ड्यातून निघताना ‘ठक्’ असा आवाज येतो, आणि चाक फिरवणाऱ्या शाफ्टचा वाकता सांधा, म्हणजे सीव्ही जॉइंट, सतत वाकलेल्या कोनात फिरून त्याचे रबरी बूट फाटते. बुटातून ग्रीस उडाले आणि चिखल आत गेला की त्या जॉइंटचे दिवस भरले. उद्यमबागेतल्या लेथवर काय वाटेल ते वळवून मिळते, तो आपल्या गावचा अभिमान आहे. पण कारागिराच्या हातात माप चुकीचे दिले तर चुकीचाच स्पेसर अगदी अचूक बनून येतो.

पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाड्यांत तीन चुका नेहमीच्या. पहिली, पाटे गॅसने तापवून कमान मारणे. पाट्याच्या पोलादाला कारखान्यात पाणी दिलेले असते, ते तापवल्यावर उतरते. कमान दोन महिन्यांत बसते, नाहीतर पाटा सेंटर बोल्टच्या भोकाशी तुटतो. उंची हवी तर योग्य कमानीचे नवे पाटे घ्या किंवा संचात एक पाटा वाढवा. गाडी थोडी ताठ होईल, पण खात्रीची राहील. दुसरी चूक, लांब शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चेसिसला जोडणारी कडी. शॅकल ५० मिमी लांब केली की उंची २५ मिमीच मिळते, आणि ॲक्सलचा कल बदलतो तो वेगळाच. तिसरी आणि सर्वांत वाईट : पुढच्या ॲक्सलवर पाटा आणि बैठक यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालणे. ब्रेक दाबला की ॲक्सल पिळतो, ठोकळा त्या पिळाला लांब दांडा देतो, आणि यू-बोल्ट सैल असतील तर ठोकळा जागेवरून निसटतो. पुढे ठोकळा नकोच. मागे घातलाच तर एकच, सेंटर बोल्टची खाच नीट बसेल असा. एकावर एक दोन कधीही नाहीत. यू-बोल्ट प्रत्येक वेळी नवे घ्या, जुने एकदा ताणले गेलेले असतात.

जिम्नीसारख्या कॉइल स्प्रिंगवरच्या सॉलिड ॲक्सलमध्ये स्टीअरिंगचा प्रश्न आधी येतो. पुढच्या ॲक्सलला धरणारे दांडे चेसिसला मागे जोडलेले असतात आणि ॲक्सल त्यांच्या पुढच्या टोकाला दोन-दोन बुशांनी घट्ट बसलेला असतो. समजा दांड्याची लांबी ६०० मिमी आहे आणि गाडी ५० मिमी उचलली. दांडा जवळपास पावणेपाच अंश कलतो आणि ॲक्सललाही तेवढाच फिरवतो. ज्या कॅस्टरमुळे (चाक वळते त्या अक्षाच्या मागे असलेल्या कलामुळे) वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ होते, तो एकूणच मोजक्या अंशांचा असतो. तो गेला की हायवेवर गाडी डावी-उजवीकडे शोधत चालते. ही तक्रार घेऊन आलेल्याला पुष्कळ ठिकाणी फक्त टो (चाकांची तोंडे आत-बाहेर किती, ते) जुळवून कागद हातात दिला जातो. टो बरोबर असूनही गाडी भरकटते, कारण दोष कॅस्टरचा असतो. उपाय आहेत : एका बाजूला भोक सरकवलेले बुश, किंवा दांड्यांचे नवे ब्रॅकेट, पाट्यांच्या गाडीत पाटा आणि बैठकीमध्ये उतरती पाचर. पण पाचर घालून कॅस्टर सुधारला की पुढच्या शाफ्टचा कोन बिघडतो, म्हणून दोन्ही एकत्रच बघावे लागतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या क्रॉसचे कोन सारखे नसतील तर ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते आणि बिचारा बॅलन्सिंगवाला चाकांना शिसे लावत बसतो. ॲक्सलला आडवा धरणारा पॅनहार्ड रॉड असलेल्या गाडीत उंची वाढली की ॲक्सल काही मिलिमीटर एका बाजूला सरकतो. लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड घालून तो मध्यावर आणावा.

काम करून घेताना पुढे दिलेला क्रम गॅरेजमध्ये उभे राहून पाळून घ्या. सपाट जागी गाडी रिकामी उभी करून चारही चाकांच्या हबच्या मध्यापासून मडगार्डाच्या कडेपर्यंतचे अंतर लिहून ठेवा. किट बसल्यावर स्प्रिंग घालण्याआधीच एक चाचणी करता येते आणि तीच बहुतेक ठिकाणी टाळली जाते. चेसिस स्टँडवर ठेवा, स्प्रिंग बाहेर ठेवून शॉकची खालची टोके मोकळी करा, मोठा टायर लावा आणि जॅकने ॲक्सल बंप स्टॉपला (त्याला वर थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत वर न्या. मग स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवा. टायर घासणार असेल तर इथेच घासतो, आणि तेही गॅरेजमध्ये, चोरल्याच्या वळणावर नाही. घासत असेल तर बंप स्टॉप खाली आणा किंवा टायर एक माप लहान करा. रिम बाहेर काढून किंवा हबवर स्पेसर घालून वेळ मारून नेऊ नका. चाक बाहेर गेले की हबच्या बेअरिंगवर वजन आडवे येते आणि घासायचे ते मडगार्डाच्या आतल्या बाजूऐवजी बाहेरच्या कडेला घासते. स्प्रिंग बसवताना किंवा काढताना स्प्रिंग कॉम्प्रेसरच वापरा. दोरीने किंवा तारेने आवळलेली स्प्रिंग सुटली तर जबडा फोडते.

नंतर ॲक्सल पूर्ण खाली लोंबू द्या. ब्रेकची रबरी नळी, एबीएसची तार आणि ॲक्सलची श्वासनळी (आतली हवा ये-जा करते ती) ताणलेली नाही ना, ते हाताने हलवून बघा. नळीला बोटभर तरी ढील हवी. कमी असेल तर ब्रॅकेट खाली आणा किंवा लांब नळी घाला. शॉक स्वतः ॲक्सलचा लगाम बनत असेल, म्हणजे सगळ्यात आधी तोच संपत असेल, तर लांब शॉक लागतील. आणि बुशांचे बोल्ट. गाडी स्टँडवर असताना ते शेवटपर्यंत आवळले की रबर त्या लोंबत्या स्थितीत पकडले जाते आणि गाडी चाकांवर आल्यावर कायमचे पिळलेले राहते. थोड्याच महिन्यांत ते फाटते आणि दोष किटला जातो. गाडी चाकांवर आणा, दोन-तीन वेळा दाबून सोडा, मगच टॉर्क पान्याने आवळा.

दोन गोष्टी सहज विसरल्या जातात. काही गाड्यांच्या मागच्या ॲक्सलला ब्रेकच्या लोड सेन्सिंग व्हॉल्व्हची दांडी जोडलेली असते. मागे ओझे भरले की गाडी बसते, दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. गाडी उचलल्यावर त्या व्हॉल्व्हला गाडी कायम रिकामीच वाटते. दहा पोती भरली तरी मागचा ब्रेक हात राखून लागतो. दांडीचे ब्रॅकेट उचललेल्या उंचीइतके सरकवून घ्या. दुसरी, श्वासनळी. तापलेला ॲक्सल ओढ्याच्या गार पाण्यात उतरला की आतली हवा आकसते आणि नळीच्या तोंडातून पाणी ओढले जाते. ऑइल दुधाळ होते, बेअरिंग गंजतात. नळी लांब करून बॉनेटखाली किंवा टेललॅम्पच्या उंचीला नेणे हे अर्ध्या तासाचे आणि थोड्या पैशांचे काम आहे. खानापूरकडे ओढे ओलांडणाऱ्या गाडीला ते कुठल्याही किटच्या आधी करावे, असे आमचे मत आहे. हेडलाइटही जुळवून घ्या. उचललेल्या गाडीचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि घाटात त्याचा पहिला मार दुचाकीवाल्याला बसतो.

हवेबद्दल थोडेच. डांबरावर दारावरच्या पट्टीत दिलेल्या आकड्यापासून सुरुवात करा. चिखलात १८ ते २० पीएसआयपर्यंत खाली या, पण त्या हवेवर ताशी ३० च्या वर जाऊ नका आणि डांबराला लागण्याआधी पुन्हा भरा. गाडीत छोटा कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडूच नका.

आता कायद्याचे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातले तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांशी जुळणार नाहीत असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हेच ठामपणे सांगितले आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. ‘एमएच-०९ ला चालते, केए-२२ ला चालत नाही’ ही आपल्याकडची समजूत निराधार आहे. कायदा केंद्राचा आहे, सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे-पलीकडे तोच. सीमाभागात याला आणखी एक पदर आहे. कोल्हापूरकडून घेतलेली गाडी बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर कर्नाटकात नव्याने नोंदवावी लागते, आणि गाडी समोर उभी करून तपासणी झाली की साठ मिमी उचललेली थार लपत नाही. अपघातानंतर विमा कंपनीला न कळवलेला बदल हे दावा अडवायला आयते कारण मिळते. म्हणून आमचा सल्ला : उत्पादकाने त्याच मॉडेलला दिलेल्या टायरच्या मापांत बसा, आणि त्यापुढे जायचे असेल तर आधी परिवहन कार्यालयात आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. कापाकापी झाल्यावर विचारून उपयोग नाही.

आपल्या पत्रातून दोन मागण्या मांडतो. टायरचे कोणते माप आणि सस्पेन्शनमधला कोणता बदल चालतो, याची साधी पाटी परिवहन कार्यालयांनी कन्नडबरोबर मराठीतही लावावी. सीमाभागातल्या गाडीमालकांचा मोठा भाग ती मराठीतच वाचेल. आणि गॅरेजवाल्यांनी काम संपल्यावर एक चिठ्ठी लिहून द्यावी : चारही चाकांची उंची कामाआधी किती होती आणि नंतर किती झाली, कॅस्टर-कॅम्बर-टोचे आकडे, कोणते बोल्ट किती टॉर्कला आवळले. नवी स्प्रिंग काही मिलिमीटर बसते आणि यू-बोल्ट हमखास सैल पडतात, म्हणून ५०० किलोमीटरनंतर गाडी परत आणायची तारीखही त्याच चिठ्ठीवर असावी. गिऱ्हाईक त्या तारखेला आले नाही तर गॅरेजने फोन करावा.

आपले,
सस्पेन्शन आणि टायरच्या कामातले काही कारागीर,
बेळगाव